घर तारण ठेवून परदेशी शिकायला जावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातली ही मुलगी मत्स्यशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरची हापूसची बाग बाबा स्वतः करतात. दिवाळीनंतर शहरातल्या एका हॉटेलात परदेशी शिक्षणाचा मेळावा भरला होता. तिथल्या एका कन्सल्टन्सीने तिला ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळवून दिला. एकूण खर्च ३४ लाख, त्यातलं २५ लाख कर्ज. बँकेने बाग तारण घ्यायला नकार दिला आणि राहतं घर मागितलं. घर बाबा आणि मुंबईच्या काकांच्या नावावर सामाईक आहे. काका सही देतो म्हणाले, पण मनापासून नाही. आजीला यातलं काहीच सांगितलेलं नाही. महिनाअखेर दीड लाख भरले नाहीत तर जागा जाईल असं कन्सल्टन्सी म्हणते, आणि तिच्या मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडेच आहेत. ती विचारते, "बाबा एवढं करायला निघालेत, मी स्वार्थी आहे का? आत्ता गेले नाही तर कधीच जाणार नाही. जाऊ की नको?"

प्रिय मुली,

तू स्वार्थी नाहीस. शिकावंसं वाटणं, आणि एखादी गोष्ट जिथे चांगली शिकवतात तिथे जावंसं वाटणं, यात तू कुणाचं काही हिरावून घेत नाहीस. तुझ्या पत्रात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो म्हणून त्याचं उत्तर आधी दिलं. आता पत्रात जे जवळजवळ नाहीच, त्याकडे येते.

एवढ्या मोठ्या पत्रात देश आहे, कन्सल्टन्सी आहे, बँक आहे, काकांची सही आहे. तू तिथे काय शिकणार आहेस, याबद्दल मात्र कोर्सच्या नावापलीकडे काही नाही. आणि मग शेवटच्या पानावर, सहज लिहावं तसं तू लिहिलं आहेस: "प्रोजेक्टसाठी मी आमच्या खाडीतल्या कालवांवर (खडकाला चिकटणारे शिंपले) काम केलं. आजी म्हणते पूर्वी एका ओहोटीत टोपली भरायची, आता बायका अर्धा दिवस बसतात. हे का झालं ते मला शोधायचं होतं, पण वेळ पुरला नाही."

मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हे वाटलं. पुढचं सगळं मी याच वाक्याला धरून लिहिणार आहे.

कन्सल्टन्सीने काढलेला कोर्स तू नीट उघडून बघितलास का? विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विषयाची यादी असते, कोण शिकवतं त्यांची नावं असतात, ती माणसं सध्या कशावर काम करतात तेही असतं. ब्रिटनमधलं मत्स्यपालन मुख्यतः स्कॉटलंडच्या सॅमनवर उभं आहे. थंड पाण्यातला मासा, समुद्रातले पिंजरे, त्याच्या लसी, त्याच्या अंगावरच्या उवा. हे शिकण्यासारखं नक्कीच आहे, पण तुझा प्रश्न कालवांचा आहे, खारं-गोडं पाणी मिसळणाऱ्या खाडीचा आहे. कालवांवर जीव टाकून काम करणारी ठिकाणं जगात आहेत. नेदरलँड्समध्ये येर्सेके हे गावच कालवांचं, तिथे वाखेनिंगन विद्यापीठाशी जोडलेली सागरी संशोधन संस्था आहे. फ्रान्समध्ये ला ट्रांब्लाडला इफ्रेमेर या सरकारी संस्थेचं केंद्र आहे. २००८ पासून फ्रान्सच्या किनाऱ्यावर विषाणूमुळे लहान कालवं मोठ्या प्रमाणावर मरू लागली, तेव्हापासून त्यावर तिथे काम चालू आहे. अमेरिकेत चेसापीक उपसागरातली कालवं कशी संपली आणि ती परत कशी आणायची, यावर व्हर्जिनिया आणि मेरीलँडच्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षं राबतायत. तुझ्या आजीने सांगितलं तेच तिथल्या म्हाताऱ्या कोळ्यांनीही सांगितलेलं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की तू शोध उलट्या बाजूने सुरू केलास. आधी देश, मग कॉलेज, मग पैसे, आणि विषय राहिला शेवटी. तुझा प्रश्न आधी धर. त्यावर काम करणारी माणसं शोध. त्यांच्याकडे पैसे कुठून येतात ते बघ. देश कुठला ते त्यातून आपोआप ठरेल. उच्च शिक्षणात, विशेषतः विज्ञानात, पैसा बऱ्याचदा प्रश्नाच्या मागून येतो, आणि हे त्या मेळाव्यात तुला कुणी सांगितलं नसणार.

ते का सांगितलं नसेल, हेही समजून घे. कन्सल्टन्सी तुझ्याकडून फी घेत नाही, कारण तू प्रवेश घेतलास की विद्यापीठ तिला कमिशन देतं. यात बेकायदा काही नाही, आणि तिथे काम करणारी मुलंमुली वाईट असतात असंही नाही. पण जिथून कमिशन येत नाही ते दार ती दाखवणार नाहीत. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवणीची फी घेत नाहीत, त्यामुळे कमिशनचाही प्रश्न येत नाही. युरोपीय संघाची एरास्मस मुंडुस शिष्यवृत्ती, प्राध्यापकाच्या प्रकल्पातून मिळणारी असिस्टंटशिप, आपल्याच राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या, यांतलं काहीही हॉटेलातल्या त्या टेबलावर नव्हतं, याचं मला नवल वाटत नाही.

आता कर्जाकडे येऊ. तुझ्या पत्रात २५ लाखांचा आकडा आहे, पण हप्त्याचा नाही. समजा व्याज साडेदहा टक्के. कोर्सचं एक वर्ष आणि वर एक वर्ष बँक हप्ता मागणार नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. त्या दोन वर्षांत सव्वापाच लाख व्याज झालं. म्हणजे फेड सुरू होईल ती सव्वातीस लाखांवर. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला जवळजवळ ४१ हजार, आणि शेवटपर्यंत हातातून गेलेले पैसे ४९ लाखांच्या घरात. हे आकडे कागदावर तुझ्या हाताने मांड, बाबांना शेजारी बसव. पंधरा वर्षांची मुदत घेतलीस तर हप्ता कमी होईल, एकूण व्याज वाढेल.

तिथे नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही, हे खरं. पण कन्सल्टन्सीने "दोन वर्षं काम करता येतं" म्हणून जे सांगितलं ते जुनं झालंय. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर थांबण्याचा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडीवाले सोडून, १८ महिन्यांचाच मिळणार आहे. तू पुढच्या सप्टेंबरात गेलीस तर तुझा अर्ज त्या तारखेनंतरच पडतो. त्यानंतर राहायचं तर मालकाने प्रायोजकत्व द्यावं लागतं, आणि त्यासाठी लागणारा किमान पगार २०२५ मध्ये वाढवला गेला. मत्स्यपालनात सुरुवातीला तेवढा पगार देणाऱ्या जागा किती, हे तू त्याच कोर्सच्या माजी विद्यार्थ्यांना विचार. लिंक्डइनवर ते सापडतात. भारतातून गेलेल्या मागच्या दोन-तीन वर्षांतल्या मुलांना सभ्य शब्दांत लिही, "तुम्ही आता काय करता, पुन्हा हाच निर्णय घ्याल का?" सगळे नाही, पण काही जण उत्तर देतात, आणि मन मोकळं करून देतात. आणि परत यायची वेळ आली तर आंध्रातल्या कोळंबी हॅचरीतल्या किंवा खाद्य कंपनीतल्या पहिल्या पगारातून ४१ हजारांचा हप्ता निघेल का? तुझे सीनियर तिथे आहेत, त्यांच्याकडून खरे आकडे घे.

बँकेने बाग का नाकारली, ते तुला कुणी समजावून सांगितलेलं दिसत नाही. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण जप्त करायचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला. त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून बँकांना बाग नको असते आणि घर हवं असतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीची पाच-सात नावं, अर्धी मुंबईत, कुणाची वारस नोंद राहिलेली, हीही एक अडचण असते. पण मूळ कारण तो कायदा आहे. त्याचा अर्थ नीट लक्षात घे. तू ज्या पडवीत बसून मला पत्र लिहिलंस ते घर, हप्ते थकले तर साठ दिवसांची नोटीस देऊन बँक ताब्यात घेऊ शकते. बाबांना हे बहुधा माहीत आहे. तुला माहीत असायला हवं.

आणि आंब्याचं उत्पन्न कसं असतं ते तुला मी सांगायची गरज नाही. एखाद्या वर्षी मोहोर चांगला येतो आणि फेब्रुवारीत फुलकिडे बसतात. एखाद्या वर्षी अवकाळीने कैरी गळते. फवारणीची औषधं, गड्यांची मजुरी, पेट्या, गाडीभाडं आधी जातं, वाशीच्या दलालाची उचल अंगावर असते, आणि पट्टी हातात येईपर्यंत किती राहिलं ते कळत नाही. अशा घरात दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेला हप्ता भरायचा म्हणजे काय, याचा अंदाज त्या मेळाव्यातल्या माणसाला नसेल. तुला आहे.

एवढं लिहूनही मी "जाऊ नकोस" म्हणत नाहीये. तू जावंस असं मला मनापासून वाटतं. फक्त घर तारण ठेवून, दुसऱ्याने निवडलेल्या एका वर्षाच्या कोर्सला जाऊ नयेस.

मग कसं जायचं? तुझ्याजवळ एक गोष्ट आहे जी तुझ्या बी.एस्सी.वाल्या मैत्रिणींजवळ नाही. तुझी पदवी चार वर्षांची आहे. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांना बारावीनंतरची चार वर्षं लागतात, ती तुझी होतात. तिथे प्रबंध लिहून करायच्या एम.एस.मध्ये प्राध्यापक आपल्या प्रकल्पातून विद्यार्थ्याची फी आणि महिन्याचा खर्च देतात. मात्र ती जागा अर्ज भरून नुसतं बसून मिळत नाही, प्राध्यापकाने तुला निवडावं लागतं. २०२५ मध्ये तिथल्या संशोधनाच्या निधीला कात्री लागली आणि व्हिसाचंही बेभरवशाचं झालंय, त्यामुळे एकट्या अमेरिकेवर विसंबू नकोस.

युरोपात एरास्मस मुंडुस बघ. दोन वर्षांत दोन-तीन देशांतल्या विद्यापीठांत शिकायचं, फी माफ, आणि महिन्याला १४०० युरो. शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करता येतो. त्यांची कोर्सची यादी बदलत असते, सागरी आणि मत्स्य विषयांचे कोर्स त्यात असतात. बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत घेतात, म्हणजे मुदत आत्ताच चालू आहे. जर्मनीला जायचं तर फी नसली तरी बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात दर सत्राला १५०० युरो पडतात, आधी एपीएस या जर्मन पडताळणी केंद्राकडून शिक्षणाच्या कागदपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते, आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. ते पैसे खर्च होऊन जात नाहीत, तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे तुलाच मिळतात. तुलना तूच कर: घरावर २५ लाखांचं कर्ज, की बारा लाखांची तजवीज.

पण मी तुझ्या जागी असते तर ज्या वाटेचा सगळ्यात आधी विचार केला असता, ती तुझ्या पत्रात नाहीच. आपल्या मुंबईतच, वर्सोव्याला, केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, सीआयएफई, १९६१ पासूनची. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) प्रवेश परीक्षेतून तिथे एम.एफ.एस्सी.ला, म्हणजे मत्स्यशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीला, जाता येतं, आणि वरच्या क्रमांकाला फेलोशिप मिळते. जलीय पर्यावरण व्यवस्थापन असा स्वतंत्र विषय तिथे आहे, तुझ्या खाडीच्या प्रश्नाला तो अगदी लागू पडतो. दोन वर्षं तिथे नीट काम केलंस, हाती एखादा छापील शोधनिबंध आला, की मग परदेशात पीएचडीला अर्ज कर. नॉर्वेत, नेदरलँड्समध्ये पीएचडी ही पगारी नोकरी असते: नेमणुकीचं पत्र, पगार, रजा. फी भरायचा प्रश्नच येत नाही. आयसीएआरची नेताजी सुभाष फेलोशिप तर परदेशातल्या पीएचडीसाठीच आहे. म्हणजे ज्या समुद्रापलीकडे तू आज घर तारण ठेवून एका वर्षासाठी जायला निघालीस, तिथेच दोन-तीन वर्षांनी चार वर्षांसाठी, पगार घेऊन जाऊ शकतेस. याला स्पर्धा आहे, मिळेलच असं वचन मी देऊ शकत नाही. पण नाही मिळालं तरी तुझ्या हातात एक पदव्युत्तर पदवी असेल आणि घर घराच्या जागी असेल.

"आत्ता नाही तर कधीच नाही" असं तू लिहिलंस, ते मला खटकलं. परदेशी शिक्षणाला वयाची तशी अट नसते. उलट ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते, आणि अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप तीन वर्षांचा. म्हणजे दोन-तीन वर्षं काम केलेल्यांसाठी काही दारं नव्याने उघडतात. मग तुला ही घाई कशाची? ओळींमधून मला जाणवलं ते असं, की पदवी झाली की घरात स्थळांची बोलणी सुरू होतील, काकू आत्ताच विचारायला लागल्या आहेत, आणि विमान हा त्यातून सुटायचा एकच मार्ग तुला दिसतोय. तसं असेल तर ती वेगळी अडचण आहे, आणि तिच्यावर ३४ लाखांचं औषध नको. ती सरळ बाबांपुढे मांड: "मला दोन वर्षं द्या. या दोन वर्षांत लग्नाचं कुणी काढायचं नाही." जो बाप मुलीसाठी घर तारण ठेवायला निघालाय, तो दोन वर्षं देईल. मागून तर बघ.

शिष्यवृत्तीबद्दल तू लिहितेस, "आपल्या कॉलेजातल्या मुलींना कोण देणार." दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये गणितात सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे, झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ते १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. त्यांच्या बुद्धीची बरोबरी करायला मी सांगत नाहीये. आपल्या या मुलखातून परदेशी जाण्याची जुनी वाट शिष्यवृत्तीचीच आहे, एवढंच सांगतेय. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा एंडाउमेंट आजही परदेशी शिकणाऱ्यांना कर्जरूप शिष्यवृत्ती देतो, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना अर्ज करता येतो.

राज्य सरकारच्या योजनाही बघ. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी, तसंच खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीही स्वतंत्र योजना आहेत. पण एक अट आधीच वाच: विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावं लागतं. यात आपल्या विषयाची पंचाईत होते. स्टर्लिंग विद्यापीठ मत्स्यपालनासाठी जगात नावाजलेलं आहे, पण एकूण क्रमवारीत ते या अटीत बसत नाही. म्हणून विद्यापीठ निवडायच्या आधी शिष्यवृत्तीचा शासन निर्णय वाचायचा. आणि जाहिरात आल्यावर मुदत थोडी असते, तेव्हा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेयर, हे तहसीलमधून आत्ताच काढून ठेव.

आता प्राध्यापकांना लिहायचं पत्र. कन्सल्टन्सीने लिहून दिलेला हेतूचा मजकूर तू मला पाठवलास. "लहानपणापासून मला जलचरांची ओढ होती" अशी त्याची सुरुवात आहे. हीच ओळ किती जणांच्या अर्जात असेल कोण जाणे. ते सगळं पुसून टाक आणि तू केलेलं काम लिही: खाडीच्या तोंडापासून आत कुठल्या ठिकाणी ओहोटीला खडकावर चौकट ठेवून कालवं मोजलीस, चौकट केवढी होती, रिफ्रॅक्टोमीटरने खारेपणा किती आला, पावसाळ्यात तो किती खाली गेला, आत जावं तसं खडकावर गाळाचा थर किती वाढत गेला आणि त्या थरावर कालवांचं नवीन बीज धरलेलं दिसलं की नाही. मग वीस वर्षांपूर्वी किती निघायची याबद्दल गावातल्या बायका काय सांगतात ते लिही, आणि याची कुठेही नोंद नाही हेही लिही. शेवटी त्या प्राध्यापकांचा एक शोधनिबंध वाचून त्यावर एक खरा प्रश्न विचार. एका पानाच्या वर नको. इंग्रजी साधं असलं तरी चालेल, आकडे मात्र पक्के हवेत. दहा जणांना लिहिलंस आणि दोघांनी उत्तर दिलं तर ते पुष्कळ समज. बाकीच्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ स्वतःच्या लायकीशी लावू नकोस. त्यांच्याकडे त्या वर्षी निधी नसतो, इतकं साधं कारण बऱ्याचदा असतं.

आणि जे शोधायला वेळ पुरला नाही ते या उन्हाळ्यात कर. कारवारला सीएमएफआरआयचं, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं, केंद्र आहे, गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. दोन्ही कोकण रेल्वेच्या टप्प्यात. तुझ्या सरांच्या पत्रासह तिथे अल्पकाळ काम करायची परवानगी माग. शिफारसपत्र द्यायलाही तुला बरोबर काम केलेलं माणूस लागणार आहे, नुसता वर्गात शिकवलेला प्राध्यापक पुरत नाही.

तुझ्यासारखीच पत्रं मला चिपळूण, सावंतवाडी, अलिबागकडून येतात, त्यांतले बरेच जण मुंबई विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चे असतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. ब्रिटनला तीन वर्षांची पदवी चालते. अमेरिकेत आणि युरोपात काही ठिकाणी चालत नाही, तेव्हा नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं ऑनर्सचं वर्ष आपल्या कॉलेजात आहे का ते आधी विचारा. आणि ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचे एकत्र दाखले, विद्यापीठाकडून येतात, कॉलेजकडून नाही. त्याला लागणारा वेळ धरूनच अर्जाची तारीख मोजा, नाहीतर सगळं असूनही एका कागदापायी वर्ष हुकतं.

राहिली घरची बोलणी. बाबा "तू काळजी करू नकोस" म्हणाले आणि तू ती त्यांची तयारी समजलीस. आपल्याकडचे बाप मुलीला पैशाच्या बाबतीत नाही म्हणत नाहीत, ते गप्प होतात. तू लिहिलंस की हल्ली ते जेवताना बोलत नाहीत. त्यांना हा हिशोब दाखव आणि सांग की घर तारण ठेवायचं नाही, हा निर्णय तुझा आहे. त्यांनी तो स्वतःहून घ्यावा अशी वाट बघू नकोस, ते घेणार नाहीत. काकांनाही फोन कर, सहीची गरज नाही म्हणून सांग. मग त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येईल, आणि वर्सोव्याला गेलीस तर मुंबईत त्यांचंच घर जवळचं आहे.

आजीला मात्र सगळं सांग, आजच. ती ज्या घरात राहते त्याच्याबद्दल तिच्या पाठीमागे बोलणी झाली, हे तिला दुसऱ्याकडून कळणं वाईट. शिवाय तिची जन्माची आठवण हा तुझ्या कामाचा पुरावा आहे. तिला आणि तिच्या बरोबरीच्या बायकांना विचारून लिहून काढ: कुठल्या खडकावर किती निघायची, कुठल्या वर्षापासून कमी झाली, तेव्हा खाडीत काय बदललं, रेती कधी उपसायला लागले, बंधारा कधी झाला. तारखा आठवत नसतील तर कुणाच्या लग्नाआधी की नंतर असं विचार, बरोबर सांगतील.

दीड लाख भरू नकोस. जागा गेली तर जाऊ दे. हा प्रवेश खरोखर हवा असेल तर तो पुढच्या वर्षावर ढकलता येईल का, असं विद्यापीठाला थेट ईमेल करून विचार, कन्सल्टन्सीमार्फत नको. बरीच विद्यापीठं तशी मुभा देतात. आणि मूळ गुणपत्रिका कुणाहीकडे ठेवायच्या नसतात. प्रवेशाला स्कॅन केलेली प्रत पुरते. या सोमवारी बाबांना बरोबर घेऊन जा आणि त्या परत आण. द्यायला टाळाटाळ केली तर लेखी मागणी दे, त्याची पोच घे, आणि तरीही दिल्या नाहीत तर पोलिसांत तक्रार देऊ असं तिथेच सांग.